जेपी म्हणजे जेपी नव्हे: असेम्बलीच्या बोलींचा एक छोटा इतिहास

माझ्या मामाच्या एका जुन्या वहीत लाल शाईने एकच वाक्य दोनदा अधोरेखित केलेले आहे: "जेपी म्हणजे जेपी नव्हे." वही १९८७ची. मामा तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन नुकताच एका लहान कारखान्यात लागला होता. तेथे पोती भरून तोलणारी यंत्रे बनत, आणि त्यांच्या पोटात झेड८० नावाचा मायक्रोप्रोसेसर असे. मित्रहो, आजचा धागा या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठी आहे. राजे, तह आणि लढाया आज नाहीत. पण एक फुटलेली कंपनी आहे, नावांवरचा हक्क आहे आणि एका टंकयंत्राने पाडलेली खूण आहे, जी पन्नास वर्षांनंतरही पुसली गेलेली नाही.

आधी थोडी पूर्वपीठिका. प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. ७८ हा आकडा दिसला की तो एका कप्प्यातील मजकूर दुसऱ्या कप्प्यात उतरवतो, सी३ दिसला की दुसरीकडे उडी घेतो. (हे आकडे सोळाच्या पायावरचे आहेत, म्हणून मध्येच अक्षरे येतात.) माणसाला असे आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक आकड्याला एक छोटे नाव दिले जाते. त्याला निमॉनिक म्हणतात, आपण त्याला स्मरणनाव म्हणू. स्मरणनावांत लिहिलेला मजकूर आकड्यांत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे असेम्बलर. ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर १९४९मध्येच बेरजेसाठी ए, वजाबाकीसाठी एस अशी अक्षरे लिहिली जात, आणि डेव्हिड व्हीलरने लिहिलेल्या आरंभीच्या आज्ञा ती वाचून यंत्रात भरीत.

यात एक गोष्ट नीट पाहावी. आकडा यंत्राचा असतो, तो सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो. नाव मात्र कोणीतरी माणसाने, कोणत्यातरी दिवशी, कोणत्यातरी कारणाने ठेवलेले असते. या धाग्यात मी सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहीत आहे. माझ्या मनाजोगता असेम्बलर मी लिहिला, तर यंत्राला त्याने तसूभरही फरक पडणार नाही. आणि जे माणसाने ठेवले त्याला इतिहास असतो, म्हणूनच या विषयात माझ्यासारखीला लुडबुड करायला वाव आहे.

आता मूळ प्रकरणाकडे वळू.

इंटेलने १९७२मध्ये ८००८ हा प्रोसेसर बाजारात आणला. त्याच्या पहिल्या स्मरणनावांत "बी कप्प्यातून ए कप्प्यात घे" ही आज्ञा एलएबी अशी लिहीत: एल म्हणजे लोड, मग कोठे, मग कोठून. पुढे १९७४मध्ये ८०८० आला आणि इंटेलने नामकरणाची पद्धत बदलली. तीच आज्ञा आता मूव्ह ए, बी अशी झाली. थेट आकडा भरायचा असेल तर एमव्हीआय, जोडकप्प्यात भरायचा असेल तर एलएक्सआय, स्मृतीतील पत्त्यावरून उचलायचे असेल तर एलडीए, तेथे ठेवायचे असेल तर एसटीए. ज्यांनी अभियांत्रिकीला किंवा पदविकेला ८०८५ची पाटी हाताळली आहे, त्यांना ही नावे आजही झोपेत आठवतील. आपल्याकडे कित्येक पिढ्या रमेश गांवकरांच्या पुस्तकावर आणि या नावांवर वाढल्या.

याच १९७४ साली फेदेरिको फॅजिन इंटेलमधून बाहेर पडला. हा इटलीत जन्मलेला भौतिकशास्त्रज्ञ. इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या, म्हणजे १९७१च्या ४००४च्या, घडणीत त्याचा मोठा हात होता. राल्फ अंगरमन याच्यासह त्याने झायलॉग ही कंपनी काढली. ८०८०चा तपशीलवार आराखडा करणारा मासातोशी शिमाही पुढे तेथेच आला. १९७६मध्ये झेड८० बाहेर पडला. त्यात १५८ आज्ञा होत्या, आणि ८०८०च्या सर्व ७८ आज्ञा त्यांत समाविष्ट आहेत असे झायलॉग सांगत असे. ८०८०साठी लिहिलेला आकड्यांचा प्रोग्रॅम उचलून झेड८०वर ठेवला की बहुधा जसाच्या तसा चाले. झायलॉगची सारी व्यापारनीती याच एका सोयीवर उभी होती.

पण इंटेलने आपल्या स्मरणनावांवर कॉपीराइटचा हक्क सांगितला होता. त्यामुळे झायलॉगपुढे चमत्कारिक प्रसंग आला: आज्ञा तीच, आकडा तोच, पण तिला पूर्वीच्या नावाने हाक मारता येणार नाही. मग झायलॉगने सगळ्यांचे नव्याने बारसे केले. मूव्ह ए, बी ही एलडी ए, बी झाली. आकडा मात्र दोन्हीकडे ७८च राहिला.

हे काम सक्तीने झाले असले तरी ते चांगले झाले, असे माझे मत आहे. इंटेलच्या पद्धतीत मूव्ह, एमव्हीआय, एलएक्सआय, एलडीए, एसटीए, एलडीएएक्स, एसटीएएक्स, एलएचएलडी, एसएचएलडी आणि एसपीएचएल अशी दहा वेगवेगळी नावे पाठ करावी लागत. झायलॉगने या दहांच्या जागी एकटे एलडी बसवले आणि फरक आज्ञेच्या उजव्या बाजूला ढकलला. कंस असेल तर स्मृतीतील पत्ता, कंस नसेल तर प्रत्यक्ष मूल्य. गंमत अशी की "लोड" हा शब्द ८००८च्या जुन्या एलएबीतही होता. नव्या घरात जुनेच नाव परत आले. अर्थात झायलॉगची व्यवस्थाही निर्दोष नव्हती. जेपी (एचएल) या आज्ञेत कंस आहेत, म्हणून वाचणाऱ्याला वाटते की स्मृतीतून पत्ता वाचून मग उडी घेतली जाते. प्रत्यक्षात यंत्र एचएलमध्ये असलेल्या पत्त्यावरच सरळ उडी घेते. बेरजेत ॲड ए, बी असे ए लिहायचे. वजाबाकीत मात्र नुसते सब बी.

खरा सापळा निराळाच आहे. दोन बोलींत काही शब्द दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे निघाले. इंटेलच्या बोलीत जेपी म्हणजे "जम्प ऑन पॉझिटिव्ह": शेवटचे उत्तर ऋण नसेल तरच उडी घे. त्याचा आकडा एफ२. झायलॉगच्या बोलीत जेपी म्हणजे नुसती उडी, बिनशर्त. तिचा आकडा सी३, आणि इंटेल तिला जेएमपी म्हणे. सीपीचे तसेच. इंटेलकडे ती "उत्तर धन असेल तर उपप्रोग्रॅमला बोलाव" अशी आज्ञा, झायलॉगकडे ती "तुलना कर". सीपीआय हे नाव तर दोघांनीही वापरले आणि दोघांनीही दोन वेगळ्या कामांना दिले.

मामाचे काय झाले ते आता सांगता येईल. तो ८०८५वर शिकला होता. कारखान्यात त्याला झायलॉगच्या बोलीत छापलेला प्रोग्रॅम देण्यात आला आणि सांगितले गेले की वजन कमी भरले तर भोंगा वाजला पाहिजे, तेवढा तुकडा जोड. असेम्बलर नव्हता, तक्ता पाहून हातानेच आकडे लिहायचे. त्याने तुकडा लिहिला, आणि अखेरीस मूळ छापील प्रोग्रॅममध्ये जशी होती तशी "जेपी" घालून मुख्य चक्राकडे परत पाठवले. आकडा पाहिला तो मात्र कॉलेजच्या ८०८५च्या तक्त्यात. तेथे जेपीसमोर एफ२ होते. एफ२ चिपवर उतरले.

झेड८०ने तक्रार केली नाही. त्याच्या दृष्टीने एफ२ ही अगदी वैध आज्ञा आहे, तिला झायलॉग जेपी पी म्हणते. पोते पुरेसे भरले की वजाबाकीचे उत्तर धन येई, उडी बसे, यंत्र नीट चाले. वजन कमी भरले की उत्तर ऋण, उडी नाही, आणि प्रोसेसर पुढच्या रिकाम्या जागेत शिरे. कोऱ्या ईप्रॉम चिपमध्ये प्रत्येक घरात एफएफ असते, आणि एफएफ हीसुद्धा एक आज्ञा आहे: ती ३८ या पत्त्यावर नेऊन सोडते. म्हणजे ज्या प्रसंगासाठी भोंगा बसवला होता, नेमक्या त्याच प्रसंगी यंत्र गोठत होते. कारखान्यात चाचणीसाठी वापरायची वजने सगळी भारी होती.

"अगं, दोन दिवस मी वायरी तपासत होतो," मामा मला सांगत होता. "चिप तीन वेळा पुसली, तीन वेळा भरली. तेच आकडे परत परत."

"मग कळले कसे?"

"कोणी तरी म्हणाले, तुझा तक्ता दाखव. तक्त्यावर वरती ८०८५ लिहिले होते. तेवढेच."

दफ्तरखान्यात मोडी कागद हाती आला की आम्हाला पहिल्यांदा वळण ओळखायला शिकवतात. चिटणिशी वळणाचा सराव असलेल्या माणसाला दुसऱ्या हाताचा कागद वाचता येत नाही असे नाही. तो वाचतो, आणि चुकीचा वाचतो, आणि चुकला हे त्याला कळत नाही. न कळणाऱ्या अक्षरापेक्षा ओळखीचे वाटणारे अक्षर अधिक घातक असते. मामाला एलडीने कधीच फसवले नाही, कारण एलडी त्याला अपरिचित होते आणि त्याने ते शोधून घेतले. फसवले ते जेपीने.

त्या काळी लोकांनी कोणती बोली निवडली? ज्याच्या हातात जे साधन होते ती. गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या प्रणालीसोबत येणारा असेम्बलर इंटेलची बोली बोले. आणि सीपी/एम चालवणारी कितीतरी यंत्रे मात्र झेड८०वर उभी होती. म्हणजे घर झायलॉगचे, भाषा इंटेलची. झेड८०च्या खास आज्ञा हव्या असतील तर लोक त्यांचे आकडेच मध्ये टाकीत किंवा मॅक्रो लिहीत. मायक्रोसॉफ्टच्या एम८० या असेम्बलरने दोन्ही बोली मान्य केल्या: फाइलीत .झेड८० असे लिहिले की पुढचा मजकूर झायलॉगच्या रीतीने वाचायचा, .८०८० लिहिले की इंटेलच्या. दुभाष्या घरातच बसवला. १९८५मध्ये आयईईई या संस्थेने ६९४ क्रमांकाचे एक प्रमाण प्रसिद्ध केले, सर्व मायक्रोप्रोसेसरांसाठी सामाईक असेम्बली बोलीचे. ते रुजले नाही. प्रत्येक कंपनीची पुस्तिका तिच्या स्वतःच्या नावांनी छापलेली असताना परके नाव कोण वापरणार? उलट त्याच सुमारास जपानच्या एनईसीने इंटेलशी सुसंगत असे व्ही२० आणि व्ही३० हे प्रोसेसर आणले, आणि त्यांच्या पुस्तिकांत इंटेलच्या एएक्स कप्प्याचे नाव एडब्ल्यू झाले. झायलॉगच्याच वाटेने.

दुसरे भांडण क्रमाचे. "अ मधून ब मध्ये" असे लिहावे की "ब मध्ये, अ मधून" असे? इंटेल आणि झायलॉग दोघांनीही "कोठे" आधी लिहिले. पण १९७०मध्ये आलेल्या डीईसीच्या पीडीपी-११ यंत्रावर "कोठून" आधी लिहीत. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स याच यंत्रावर वाढले, आणि त्याच्या असेम्बलरने हा क्रम उचलला. डीईसीच्या बोलीत थेट मूल्याआधी # आणि अप्रत्यक्ष पत्त्याआधी @ लावीत. युनिक्सने मात्र # च्या जागी $ आणि @ च्या जागी * घेतले. कारण वाचून मी हसले होते. आरंभीच्या युनिक्समध्ये टेलिटाइपवर # दाबले की मागचे अक्षर खोडले जाई आणि @ दाबले की सगळी ओळच रद्द होई. ज्या खुणेने लिहिलेले पुसले जाते ती खूण लिहिणार कशी? डेनिस रिचीने असेम्बलरच्या संदर्भपुस्तिकेत ही गैरसोय नोंदवून ठेवली आहे.

टेलिटाइप गेले, पीडीपी-११ गेला. युनिक्स इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर आले तेव्हा $ आणि "कोठून आधी" ही रीत सोबत घेऊन आले. कप्प्यांच्या नावाआधी % ही खूणही आली, म्हणजे कप्पा कोणता आणि प्रोग्रॅममधील नाव कोणते यांत घोटाळा नको. याला एटी अँड टी बोली म्हणतात, आणि ग्नूचा असेम्बलर या घराण्यावर आजही मूलतः हीच बोलतो. इंटेलच्या पुस्तिकेत मूव्ह ईएएक्स, ५ असे असते. ग्नूच्या फाइलीत तेच मूव्हएल $५, %ईएएक्स असे होते. १९९१च्या पहिल्यावहिल्या लिनक्समध्ये तर दोन्ही आहेत: यंत्र सुरू करणारी फाइल इंटेलसारख्या रीतीने, तिच्या पुढची एटी अँड टीच्या रीतीने. लिनस टॉरवाल्ड्सला दोन वेगळे असेम्बलर वापरावे लागत होते, म्हणून एकाच प्रोग्रॅममध्ये पान उलटताच दिशा उलटते.

या घराण्यात एक चूकही वारशाने आली. अपूर्णांकांच्या वजाबाकीच्या आणि भागाकाराच्या काही आज्ञांत एटी अँड टीच्या असेम्बलरांनी दोन बाजूंची अदलाबदल केली. वजाबाकीत क्रम बदलला की उत्तराचे चिन्हच बदलते. पण तोवर कंपायलर आणि इतर प्रोग्रॅम त्या उलट्या रीतीवरच बेतले गेले होते. एक दुरुस्ती केली की हजार ठिकाणी मोडतोड. ग्नूच्या पुस्तिकेत हा दोष सरळ कबूल केला आहे आणि आता यातून सुटका नाही, असेही म्हटले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. नकलनविसाची चूक पुढच्या साऱ्या प्रतींत उतरते आणि एक दिवस तीच "पाठ" ठरते.

यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या लहान प्रोसेसरांकडे, म्हणजे मामाच्या जगाकडे, परत येऊ. १९८०मध्ये इंटेलने ८०५१ आणला. त्यात एमव्हीआयसारखी वेगळी नावे नव्हती. बहुतेक ठिकाणी मूव्ह, आणि थेट मूल्य असेल तर #, अप्रत्यक्ष असेल तर @. पीडीपी-११च्याच खुणा. त्यामुळे ८०८५वरून ८०५१वर येणाऱ्या विद्यार्थ्याची एक ठरलेली चूक होते: मूव्ह ए, #३०एच लिहायचे तेथे # राहून जाते. पहिल्याचा अर्थ "३० हा आकडा घे", आकडा ७४. दुसऱ्याचा अर्थ "३० क्रमांकाच्या घरात जे असेल ते घे", आकडा ई५. असेम्बलर दोन्ही निमूट स्वीकारतो. जुन्या बोलीत मूल्य हे नावातच सांगितलेले असे, नव्यात ते एका बारीक खुणेवर येऊन टेकले.

आजचे बहुतेक असे काम आर्म घराण्याच्या प्रोसेसरांवर चालते, आणि तेथे एकीकरण खरोखर झाले. आर्मच्या मूळ ३२ बिटांच्या आज्ञा आणि १९९०च्या दशकात आलेल्या थम्ब नावाच्या १६ बिटांच्या आखूड आज्ञा यांची लिहिण्याची रीत वेगळी होती. २००३मध्ये थम्ब-२ जाहीर झाले, त्यात दोन्ही लांबीच्या आज्ञा शेजारी शेजारी आल्या, आणि दोन रीती चालवणे अशक्य झाले. मग आर्मने एकच एकात्म बोली ठरवली. आयईईईला जे साधले नाही ते आर्मला साधले, कारण येथे नावांचा मालक एकच होता.

पण एकीकरणालाही किंमत असते. जुन्या थम्बमध्ये ॲड आर०, आर०, #१ लिहिले की बेरीज होई आणि उत्तराच्या खुणाही, म्हणजे फ्लॅग, आपोआप बदलत. एकात्म बोलीत फ्लॅग बदलायचे असतील तर ॲडएस असे स्पष्ट लिहावे लागते. म्हणून ग्नूच्या असेम्बलरला फाइलीच्या माथ्यावर ".सिंटॅक्स युनिफाइड" असे सांगावे लागते; ती ओळ नसेल तर तो जुनी, विभक्त बोली धरून चालतो. जुनी फाइल नव्या प्रकल्पात आणणाऱ्याने पहिल्यांदा ही एक ओळ आहे की नाही ते पाहावे. तिच्यावाचून पुढचे सगळे वाचन अंदाजाचे. शिवाय आज्ञा एक झाल्या तरी त्यांभोवतीचा मजकूर एक झाला नाही. आर्मच्या स्वतःच्या जुन्या असेम्बलरमध्ये टीप अर्धविरामाने सुरू होते, ग्नूच्या आर्म बोलीत @ ने. एकाकडे शब्दभर जागा राखायला डीसीडी, दुसऱ्याकडे .वर्ड. चिप सुरू होताच चालणारी आरंभाची फाइल त्यामुळे आजही वेगवेगळ्या फोल्डरांत दिलेली आढळते, प्रत्येक असेम्बलरसाठी वेगळी. काम तेच.

"मग कोणती बोली घ्यावी?" हे मी मामाला विचारले, कारण धाग्याखाली कोणी ना कोणी विचारणारच. तो म्हणाला, "तुझ्याआधी त्या यंत्रावर ज्याने लिहिले, त्याची. आणि तुझी आवडती बोली घरी ठेव." माझा थोडा मतभेद आहे. नवे काम कोऱ्या पाटीवर असेल, तर चिपच्या पुस्तिकेशी जुळणारी रीत घ्यावी, कारण रात्री दोन वाजता शंका आली की उघडणार ती पुस्तिकाच. पण कंपायलर ज्या बोलीत आपले काम दाखवतो ती वाचता आलीच पाहिजे, लिहिता नाही आली तरी चालेल. एकातून दुसऱ्यात उतरवताना ओळीशेजारी आकडे छापून घ्यावेत आणि आकडेच ताडून पाहावेत. नावे फसवतात.

वहीत त्या लाल वाक्याखाली मामाने पुढची तीन पाने दोन रकान्यांत भरली आहेत. डावीकडे "आपली", उजवीकडे "त्यांची", मध्ये आकडा. ८०८५ची बोली "आपली". कारखान्यात त्याने पुढे अकरा वर्षे झेड८०वरच काम केले, पण रकान्यांची नावे त्याने कधी बदलली नाहीत.